दोन केमोंमधले वीस दिवस

सावेडीतील माझ्या चिकित्सालयात कर्करोगाचा रुग्ण क्वचितच एकटा येतो. त्याच्यासमवेत पत्नी अथवा पती, मुलगा, एखादा मेहुणा आणि कापडी पिशवीत जपून ठेवलेली जाडजूड फाईल असते. ही फाईल मात्र लगेच बाहेर येत नाही. ‘आधी नाडी पाहा, कागद मग दाखवतो,’ असे नातेवाईक सांगतात. ती वैद्याची परीक्षा असते आणि तिचे मला वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते निघताना, उंबऱ्याशी थांबून, आवाज खाली आणून उच्चारल्या जाणाऱ्या वाक्याचे: ‘तिकडच्या डॉक्टरांना आम्ही काही सांगितलेले नाही. तुम्हीही लिहून वगैरे देऊ नका.’

गेल्या वीस वर्षांत हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. व्यवसायाच्या प्रारंभीच्या काळात ते निमूटपणे मानलेही आहे. म्हणून आज त्याविषयी लिहिताना दोषाचा पहिला वाटा स्वतःकडे घेणे मला भाग आहे. कर्करोगाची चिकित्सा आयुर्वेदाने कशी करावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. त्यावर बोलण्याचा अधिकार त्यात आयुष्य घातलेल्यांचा. ज्याची केमोथेरपी चालू आहे असा रुग्ण आपल्याकडे येतो आणि पुढेही येणारच आहे. त्याला शेतात, दुकानात, शाळेत, स्वयंपाकघरात जगावयाचे असते. त्या जगण्यात आपले स्थान कोणते, एवढाच प्रश्न येथे आहे. माझे मत असे की, आपले स्थान आहे आणि ते लहान नाही. परंतु ते चोरून घेता येणार नाही.

आपल्यापैकी पुष्कळांना केमोथेरपी हा शब्द परिचित आहे, तिचे पंचांग मात्र परिचित नाही. अनेक औषधयोजनांमध्ये एक चक्र एकवीस दिवसांचे असते. काहींत चौदा दिवसांचे, काहींत औषध दर आठवड्यास दिले जाते. एकवीस दिवसांचे चक्र उदाहरणादाखल घेऊ. पहिल्या तीन-चार दिवसांत हृल्लास, छर्दी, अरुची ही लक्षणे प्रबळ असतात. उलटी थांबविण्यासाठी दिलेल्या ऑनडॅनसेट्रॉनने मलावष्टंभ होतो आणि डेक्सामेथासोनने झोप उडते, रक्तातील साखर वाढते. पाचव्या-सहाव्या दिवशी रुग्णाला बरे वाटू लागते, तो घरात हिंडूफिरू लागतो, आणि नेमका हाच फसवा काळ होय. साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान रक्तातील श्वेतकणांची, विशेषतः न्यूट्रोफिलची संख्या तळाला गेलेली असते. वरून ताजातवाना दिसणारा हा मनुष्य आतून उघडा पडलेला असतो. तिसऱ्या आठवड्यात कण पुन्हा भरून येतात, तोंडाला चव येते आणि तोच पुढच्या चक्राची तारीख उभी राहते.

या मधल्या आठवड्यात १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला तर तो आपल्या ज्वरचिकित्सेचा विषय नाही. लंघन, सुदर्शन चूर्ण, ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ यांपैकी काहीही करू नये. रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याच घटकेस रुग्णास रुग्णालयात पाठवावे. याच आठवड्यात मलावष्टंभाची तक्रार घेऊन आलेल्यास मात्राबस्ती देण्याचा मोह आपल्याला सहज होतो. वाताचे अनुलोमन, गुदगत रूक्षता, सारे शास्त्राला धरूनच वाटते. तथापि न्यूट्रोफिल उतरलेले असताना गुदमार्गाने केलेला कोणताही उपक्रम जंतूंना रक्तात वाट करून देऊ शकतो, आणि प्लेटलेट उतरलेल्या असतील तर रक्तस्रावाचे भय असते. बस्ती हा वातावरील श्रेष्ठ उपक्रम आहे म्हणून तो प्रत्येक दिवशी श्रेष्ठ ठरत नाही. सी.बी.सी.चा ताजा अहवाल हाती असल्याखेरीज अशा रुग्णावर बस्ती नाही, रक्तमोक्षण नाही, जळवाही नाहीत, हा नियम मी स्वतःपुरता केला आहे.

हे सर्व वाचून ‘मग आपण करायचे तरी काय?’ असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर संहितांतच आहे. साध्य आणि प्रत्याख्येय यांच्या मधोमध आचार्यांनी याप्य व्याधींचा वर्ग ठेवला. पथ्य व चिकित्सा चालू आहे तोवर जे रोखून धरता येतात आणि ती सुटताच उसळतात, ते याप्य. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात यासाठी पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूचा दृष्टान्त योजला आहे. आज अनेक कर्करोगांच्या बाबतीत आधुनिक वैद्यकही हीच भाषा बोलू लागले आहे: समूळ नाश न झाला तरी वर्षानुवर्षे ताब्यात ठेवावयाचा रोग. केमोथेरपीचा टेकू त्यांनी लावला आहे. घरातली चूल पेटती ठेवणे हे काम आपल्याला येते. मात्र टेकू आपण हलवू नये.

चूल म्हणजे अग्नी. या रुग्णांना सर्वाधिक गरज असते ती आहाराची, आणि सर्वाधिक गोंधळ होतो तोही आहारातच. घरात निदान कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी साखर बंद होते, कारण ‘साखरेवर गाठ वाढते’; तिसऱ्या दिवशी दूध बंद, मग गहू, मग अंडी. शेजारी गव्हांकुराचा रस सुचवतात, पाहुणे गोमूत्र अर्क आणतात. महिन्याभरात रुग्णाचे वजन चार-पाच किलोंनी उतरते आणि दोष केमोथेरपीच्या माथी जातो. याला वैद्यही हातभार लावतात, हे खेदाने नमूद केले पाहिजे. पथ्याची यादी जेवढी लांब तेवढा वैद्य मोठा, अशी एक समजूत आपल्याकडे रुजली आहे.

वस्तुतः शोधनानंतरचा संसर्जनक्रम आपल्याइतका कोणाला ठाऊक आहे? मंड, पेया, विलेपी, मग मुगाचे कढण, मग मऊ भात. पहिल्या चार दिवसांना हा क्रम चपखल बसतो. साळीच्या लाह्यांचा मंड थोडे सैंधव घालून घोट घोट घेतला की पाणीही न ठरणाऱ्या पोटात काहीतरी ठरते. परंतु मुगाच्या कढणावर एकवीस दिवस काढता येत नाहीत. अग्नी जागा होताच मांसधातूची भर करावी लागते: दूध, पनीर, डाळी, आणि जो खातो त्याला नीट शिजलेले अंडे, मासे, मांसरस. शाकाहाराचा आग्रह धरण्याची ही वेळ नव्हे. मधल्या आठवड्यात सर्व अन्न ताजे, शिजलेले, गरम असावे. कच्ची कोशिंबीर, उसाच्या गाड्यावरचा रस, गव्हांकुराचा रस, बाहेरची चटणी हे त्या आठवड्यापुरते दूर ठेवावे. ऑक्सॅलिप्लॅटिन घेणाऱ्यास थंड पाणी देऊ नये. त्याने घशात आवळल्यासारखे होते, बोटांना मुंग्या येतात, आणि माठाचे पाणी प्यायल्याने घाबरून तिसऱ्या मजल्यावरून धावत खाली आलेला रुग्ण मी पाहिलेला आहे.

मुखपाकात आपले शास्त्र खरोखर उपयोगी पडते. यष्टिमधूच्या कोमट काढ्याचा कवल, साध्या तुपाचा गंडूष, यांनी रुग्ण चार घास अधिक खातो. येथेही तारतम्य हवे. गुळण्या करून थुंकण्यासाठी दिलेले यष्टिमधू वेगळे आणि महिनाभर पोटात दिलेले यष्टिमधू वेगळे. दीर्घकाळ पोटात घेतल्यास ते रक्तातील पोटॅशियम उतरवते आणि रक्तदाब वाढवते. सिसप्लॅटिनने पोटॅशियम आणि मॅग्नेशियम आधीच वाहून जात असते. द्रव्य तेच, मार्ग बदलला की परिणाम बदलतो. हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो आणि गल्ल्यावर बसलो की विसरतो.

आता त्या उंबऱ्यावरच्या वाक्याकडे येते.

काही वर्षांपूर्वी नगर तालुक्यातील एका शाळेतील शिक्षिका माझ्याकडे आल्या. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली, केमोथेरपी पुण्यात, दर एकवीस दिवसांनी. पहाटे तारकपूर स्थानकावरून निघायचे आणि रात्री परतायचे. त्यांनी मला रोगाविषयी काही विचारले नाही. त्यांचा प्रश्न होता, ‘बाई, या तीन आठवड्यांतला कोणता आठवडा माझा? मला चौथीचा वर्ग सोडायचा नाही.’ इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आम्ही कॅलेंडर काढून बसलो. पहिला आठवडा रजा, दुसरा आठवडा घरी राहून वह्या तपासणे, कारण मुलांची सर्दी-खोकल्याची साथ तेव्हा परवडणारी नव्हती, आणि तिसरा आठवडा शाळा. मी त्यांना अग्नीसाठी आणि थकव्यासाठी दोन औषधे दिली. पुडीवर ‘सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर’ एवढेच लिहिले. नावे माझ्या नोंदवहीत होती, त्यांच्याजवळ नव्हती.

चौथ्या चक्राआधीच्या तपासणीत त्यांच्या यकृताचे आकडे वाढलेले निघाले. तेथील डॉक्टरांनी ‘आणखी काही घेता का?’ असे विचारले. बाईंनी ‘नाही’ म्हटले. सोबत गेलेल्या मुलाने पिशवीतून तीन गोष्टी टेबलावर ठेवल्या: माझ्या पुड्या, नात्यातल्या कोणी दुसऱ्या जिल्ह्यातून आणलेली काळपट भुकटी, आणि ताकदीसाठी दुकानातून घेतलेली एक बाटली. डॉक्टरांनी मला फोन केला. मी माझ्या औषधांची नावे व मात्रा सांगितली. भुकटीत काय आहे हे आणणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. बाटलीवर छापलेल्या वीस-बावीस वनस्पतींपैकी कोणती किती, हे बाटलीवरून कळत नव्हते. केमोथेरपीच्या औषधांनीही यकृताचे आकडे वाढतात. तेव्हा दोष नक्की कोणाचा, हे त्या दिवशी ठरले नाही, आजही ठरलेले नाही. सगळेच बंद करून चक्र दोन आठवडे पुढे ढकलले गेले. ते दोन आठवडे बाईंच्या शाळेचे होते आणि उपचाराचेही. माझे औषध निर्दोष होते असे मी मनाशी अनेकदा म्हटले आहे. पण लिहून न दिलेल्या औषधाची बाजू मांडता येत नाही.

२०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख नीट पटवली होती काय असा प्रश्न उपस्थित केला. आपल्या नियतकालिकांतून आणि सभांतूनही पुष्कळ संताप व्यक्त झाला. त्या आक्षेपात तथ्य आहे. परंतु वनस्पतीची ओळख, मात्रा, कालावधी यांच्या नोंदी कोणी ठेवावयाच्या होत्या? ज्याने औषध दिले त्याने. आपण पुडीवर नाव लिहीत नाही आणि दुसऱ्याने नाव चुकीचे घेतले म्हणून रागावतो.

औषधांच्या परस्परसंबंधाबद्दल आपल्यात दोन टोकाची मते आढळतात. एक, ‘वनस्पतीच त्या, त्यांनी काय होणार?’ दुसरे, ‘केमो चालू असता काहीच देऊ नये.’ पहिल्या मताला उत्तर आपल्याच योगवाही कल्पनेत आहे. पिंपळी-मिरे इतर औषधांचे वीर्य शरीरात नेतात असे आपण पूर्वापार मानतो. जम्मूच्या संशोधन संस्थेतील कामातून क्षयावरील रिफॅम्पिसिनला पायपरिनची जोड देऊन त्याची मात्रा कमी करणारे औषध याच देशात तयार झाले, याचा आपल्याला अभिमान वाटतो. मग ज्या केमोथेरपीची मात्रा रुग्णाची उंची व वजन यांवरून मिलिग्रॅमपर्यंत मोजून ठरवलेली असते, तिच्याबरोबर त्रिकटू देताना आपला हात थांबला पाहिजे. डोसेटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टिन यांसारखी औषधे यकृतातील ज्या एन्झाइमकडून निकामी केली जातात, त्यालाच पायपरिन अडवते. गुग्गुळाविषयी प्रयोगशाळेतील निष्कर्ष उलट दिशेचे, म्हणजे ते एन्झाइम वाढविण्याचे आहेत. एकाने औषध जास्त होईल, दुसऱ्याने कमी. स्वयंपाकातल्या फोडणीच्या मिऱ्याबद्दल मी बोलत नाही. चमचाभर चूर्णाबद्दल बोलते. आणि सिसप्लॅटिन घेणाऱ्याच्या मूत्रपिंडावर आधीच भार असताना रसौषधी देण्याचे धाडस मी तरी करीत नाही.

‘ते रसायन, आपले निसर्ग’ ही विभागणीही तपासून घ्यावी. व्हिन्क्रिस्टिन निघाले ते आपल्या अंगणातील सदाफुलीतून, जी मुळात मादागास्करची. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ज्या कॅम्प्टोथेसिनपासून तयार होतात, ते सह्याद्रीतील नरक्या या झाडात आहे, आणि त्यासाठी नरक्याची बेसुमार तोड झाली हे वनखात्याच्या लोकांना विचारावे. म्हणून कोणी सदाफुलीची पाने चावू लागला तर त्यास केमोथेरपी झाली असे होत नाही. मात्रा अनिश्चित आणि विष मात्र निश्चित. सदाफुलीचा काढा पिऊन आलेले रुग्ण मला दर वर्षी भेटतात.

कामाविषयी थोडे. २००४ साली श्री. शरद पवार यांना तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. उपचार चालू असताना सकाळी नऊ ते दुपारी दोन कृषिमंत्रालयात काम आणि तेथून थेट रुग्णालय, असा आपला क्रम होता, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी ३० जानेवारी २०१९ रोजी नाकात नळी असताना विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. १७ मार्चला ते गेले. ही उदाहरणे रुग्णाने स्वतःहून घेतली तर त्याला बळ देतात. घरच्यांनी त्याच्या अंगावर फेकली तर ती क्रूर ठरतात. ‘साहेबांनी मंत्रालय चालवले, तुम्हाला गोठ्यापर्यंत जायला काय होते?’ असे एका मुलाने वडिलांना माझ्यासमोर सुनावले. मंत्र्याला दारात मोटार असते. आपल्या रुग्णाला एस.टी.त खिडकीजवळची जागा मिळेल की नाही याची धास्ती असते, उलटी आली तर कुठे करायची याची लाज असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे केमोथेरपीचा खर्च पुष्कळांचा सुटला. जाण्यायेण्याचा, बुडालेल्या मजुरीचा, पुण्या-मुंबईत राहण्याचा सुटला नाही. परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, कर्करुग्णांना एस.टी.च्या व रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे. ही माहिती देणे हेही चिकित्सेचेच अंग समजावे. मनोबलावर व्याख्यान देण्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडते. आडवे पडावेसे वाटणाऱ्याला आडवे पडू द्यावे.

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. ‘केमो चालू आहे, ताकदीचे काहीतरी द्या,’ असे म्हणत ग्राहक थेट तुमच्याकडे येतो, पुष्कळदा आमच्या आधी. त्या वेळी फळीवरची बाटली काढण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: मधुमेह आहे काय, आणि हे डॉक्टरांना सांगणार आहात काय? च्यवनप्राशासारखे निरुपद्रवी वाटणारे औषधदेखील डेक्सामेथासोनने साखर वाढलेल्या माणसाला चमचे भरभरून देण्याजोगे नसते. कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करणारे उत्पादन दुकानात ठेवूच नये. औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या अनुसूचीत कर्करोगाचे नाव स्पष्टपणे आहे. कायदा बाजूस ठेवला तरी, तशा एका बाटलीपायी ज्याने उपचार सोडला त्याचे घरचे लोक पुढच्या वर्षी तुमच्याच दुकानावरून जाणार असतात.

ऑन्कॉलॉजिस्टांची बाजू निर्दोष आहे असे मला सुचवायचे नाही. आयुर्वेदाचे नाव काढताच फाईल आपटणारे आहेत, आणि रुग्णाने लपविण्यास आरंभ केला तो तेथूनच. पुण्याजवळ वाघोलीस वैद्य सदानंद सरदेशमुख यांच्या नेतृत्वाखाली केमोथेरपी व किरणोपचार यांच्या जोडीने आयुर्वेदाचे काम उभे राहिले, ते दोन्ही बाजूंनी एकमेकांचे कागद वाचले म्हणून. आपल्या नगरात तर १९१७ पासून आयुर्वेद महाविद्यालय आहे. गंगाधरशास्त्री गुणे यांनी औषधांचे गुणधर्म उघडपणे, मराठीत, कोणालाही वाचता येतील असे लिहून ठेवले. त्या गावात बिननावाच्या पुड्या बांधल्या जाव्यात हे मला खटकते.

त्या शिक्षिकेच्या प्रसंगानंतर मी एक साधी चिठ्ठी छापून घेतली. रुग्णाचे नाव, केमोची मागची व पुढची तारीख, मी दिलेल्या प्रत्येक औषधाचे पूर्ण नाव, घटक, मात्रा, आणि कोणत्या दिवशी बंद ठेवावयाचे ते. खाली माझा दूरध्वनी. चिठ्ठी फाईलमध्ये सर्वांत वर लावावी असे सांगते, आणि जो लावण्यास तयार नाही त्याला औषध देत नाही. सुरुवातीस काही रुग्ण गेले. पाईपलाईन रोडवर दुसरीकडे पुड्या मिळतात, हे त्यांनी मला ऐकवलेही.

बाईंची पुढची चक्रे वेळेवर झाली. पाचव्या चक्राहून परतल्यावर त्यांनी फाईल उघडून चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. माझ्या अक्षराखाली निळ्या शाईत, घाईघाईने, तिकडच्या डॉक्टरांनी लिहिले होते: पहिले चालेल, दुसरे केमोच्या आधी दोन दिवस व नंतर तीन दिवस बंद, गुळण्या चालू ठेवा. बाईंनी विचारले, ‘मग सोमवारपासून शाळेत जाऊ?’ मी तारीख मोजली. सोमवारी सोळावा दिवस येत होता.